उसने आणि उधार

हज किंवा उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या मनात इहराम, तवाफ आणि दुआ यांचाच विचार असतो. रुपये देऊन रियाल घेणे ही त्याला सामानाच्या यादीतील एक बाब वाटते. वस्तुतः तो एक करार आहे आणि शरीअतने त्याचे नियम घालून दिले आहेत. पूर्वी हज कमिटी यात्रेकरूच्या हाती ठराविक रियाल देत असे. २०२३ पासून ही जबाबदारी यात्रेकरूवरच आली. त्यामुळे शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथील कुटुंबांनाही हा व्यवहार आता स्वतः समजून घ्यावा लागतो.

पहिला प्रश्न सोपा आहे. चलन बदलून देणारा काही नफा ठेवतो, ते व्याज होय का? हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचा आशय असा की, सोन्याच्या बदल्यात सोने किंवा चांदीच्या बदल्यात चांदी घ्यायची तर ती समप्रमाणात आणि हातोहात घ्यावी; जिन्नस वेगळे असतील तर भाव परस्परसंमतीने ठरवावा, मात्र व्यवहार हातोहात व्हावा. १९८६ साली अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने कागदी चलनालाही व्याजाचे आणि जकातीचे नियम लागू असल्याचा निर्णय दिला. रुपया आणि रियाल ही वेगळी चलने आहेत; म्हणून रोखीच्या अदलाबदलीतील नफा हलाल आहे. बँकेतून किंवा परवानाधारक केंद्रातूनच चलन घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. देशाचा कायदा पाळणे हीदेखील अमानत आहे.

दुसरा प्रश्न कठीण आहे, कारण तो दोन स्नेह्यांमध्ये उद्भवतो. मक्केत एका यात्रेकरूजवळचे रियाल संपतात. सोबती म्हणतो, “हे हजार रियाल घ्या, गावी गेल्यावर रुपये द्या.” बाजारात रियालचा भाव समजा २२ रुपये आहे, पण पैसे दिवाळीनंतर मिळणार म्हणून २५ रुपयांचा भाव ठरतो. दोघेही राजी आहेत, दोघेही हरमच्या सावलीत आहेत. मग यात वावगे ते काय?

वावगे आहेत ते वरचे तीन हजार रुपये. ते चलनाचे मोल नाही, थांबण्याचे मोल आहे. आणि थांबण्याचे मोल घेणे यालाच व्याज म्हणतात. काही हनफी फकीह दोन भिन्न चलनांच्या व्यवहारात एका बाजूची रक्कम नंतर देण्यास मुभा देतात. परंतु एका पक्षाने त्याच बैठकीत ताबा घ्यावा आणि भाव त्या दिवसाच्या बाजाराचाच असावा, अशी त्यांची अट आहे. मुदतीपोटी वाढवलेला भाव त्यांच्या मतेही नाजायज ठरतो.

कोणी म्हणेल, विश्वासाच्या माणसांत एवढी काटेकोरी कशाला? याचे उत्तर सहीह बुखारीत आहे. मालिक बिन औस यांना शंभर दीनारांच्या बदल्यात चांदी हवी होती. हजरत तल्हा (रजि.) यांनी सोने हाती घेतले आणि आपला खजिनदार येईपर्यंत थांबण्यास सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी हे ऐकले आणि मोबदला हाती पडल्याशिवाय त्यांच्यापासून दूर होऊ नये, अशी शपथपूर्वक ताकीद दिली. हजरत तल्हा (रजि.) तर जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबांपैकी! त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका असणार? म्हणजे हा नियम संशयापोटी केलेला नाही. चांगल्या माणसांचा व्यवहारही स्वच्छ राहावा, यासाठी तो आहे.

मग अडलेल्या सोबत्याला रिकाम्या हाताने परतवावे काय? मुळीच नाही. आपल्या मराठी भाषेनेच हा भेद फार सुंदर जपला आहे. दुकानातून माल ‘उधार’ आणतात, तेव्हा ती विक्री असते. शेजारणीकडून पायलीभर ज्वारी ‘उसनी’ आणतात, तेव्हा पायलीभर ज्वारीच परत करतात. मधल्या काळात ज्वारी महागली की स्वस्त झाली, हे कोणी विचारीत नाही. शरीअत ज्याला कर्ज म्हणते, ते हेच उसने. सोबत्याला रियाल विकू नका, उसने द्या. हजार रियाल दिले, हजार रियालच येणे.

परतफेडीच्या दिवशी दोघांच्या संमतीने त्याच दिवसाच्या भावाने रुपये घेता येतात. हजरत इब्ने उमर (रजि.) उंट दीनारात विकून दिरहम घेत असत, त्यांना प्रेषितांनी (स.) त्या दिवसाच्या भावाने आणि हिशेब बाकी न ठेवता तसे करण्याची परवानगी दिली. भाव चढला आणि रुपये जास्त द्यावे लागले, तर ऋणकोने ते व्याज समजू नये. त्याने रुपये नव्हे, रियाल घेतले होते. भाव उतरला तर धनकोनेही तक्रार करू नये.

कुरआनने कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश दिला आहे. म्हणून वहीत रुपये नव्हे, रियाल लिहा, आणि घरच्यांनाही सांगा. प्रवासात कोणाचा अंत कुठे होईल हे अल्लाहच जाणतो, आणि वारसांना देणे ठाऊक नसेल तर ते मृताच्या मानेवरच राहते.

गरजवंताला मदत केल्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. तो तीन हजार रुपयांत आधीच वसूल करणे, हा फार तोट्याचा सौदा होय. अल्लाह आपणा सर्वांना इबादतीसारखाच व्यवहारही निर्मळ ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.