टेप घेऊन जा

प्रिय सोनू,


तू पाठवलेले अकरा फ्लॅटचे फोटो काल रात्री चष्मा लावून बघितले. अकराही ठिकाणी टीव्हीमागची भिंत दिसली, छतातले दिवे दिसले, एका ठिकाणी तर बाल्कनीतला झोपाळा तीन बाजूंनी दिसला. न्हाणीघर एकाही फोटोत नाही. आणि खाली तुझा प्रश्न : "आत्या, यातला कुठला घेऊ?" अगं, एवढ्यात कुठलाच नको. फोन बाजूला ठेव आणि वही काढ.

बँकेत माझी अकरा वर्षं कर्जखात्यात गेली. माणसं घर पसंत करून, टोकन देऊन, पेढे वाटून मग आमच्यासमोर येऊन बसायची. खरं तर आधी आमच्याकडे यायला हवं.

तुमचा तो सिंहगड रस्त्यावरचा साठ लाखांचा फ्लॅट धरू. कर्ज तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या मधलं असलं की बँकेला किमतीच्या 80 टक्क्यांवर जाता येत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणजे 48 लाख बँकेचे, 12 तुमचे. इथपर्यंत तुम्ही आलाच असाल. आता पुण्यातलं मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी फी 30 हजार. हे साडेचार लाख बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. इमारत अजून बांधून व्हायची असेल तर वर 5 टक्के जीएसटी, आणखी 3 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलंत तर तो लागत नाही. वकील, सोसायटीची वर्गणी, पडदे, गिझर मी मोजतच नाही.

घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, साठ हजार वाचतात. जावईबापूंचं नाव जोडलं की सवलत गेली. पण ते जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील तर कर्जाच्या व्याजाची वजावट त्यांना मालकीत नाव असल्याशिवाय मिळणार नाही. दोन्ही बाजू कागदावर मांडा आणि मग भांडा.

आता हप्ता. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं धरली तर 48 लाखांना महिना 41,656 रुपये. याला 240ने गुणून बघ, कोटीला अडीच-तीन हजारच कमी पडतात. हा आकडा बघून घाबरू नकोस, पण एकदा बघ. तुम्ही आत्ता भाडं 22 हजार भरता. वरचे एकोणीस हजार सहाशे छप्पन्न या महिन्यापासून रिकरिंगला टाका आणि सहा महिने त्यांना हात लावू नका. मधे तुझ्या मैत्रिणीचं लग्न येईल, स्कूटर बिघडेल, दिवाळी येईल. सहा महिन्यांत दोनदा जरी रिकरिंग मोडावंसं वाटलं, तरी साठ लाखांचं घर तुमचं नाही, पन्नासचं बघा. आणि निभावलंत तर सव्वा लाखाच्या आसपास जमलेलेही असतील.

टोकनचं मात्र मनावर घे. एक जोडपं माझ्या टेबलाशी आलं होतं, नुकतं लग्न झालेलं. जुन्या इमारतीतला फ्लॅट, दोन लाख रोख टोकन, पावतीच्या नावाने वहीतलं फाडलेलं पान. कागद मागवले तर फ्लॅट तीनदा विकला गेलेला आणि मधल्या मालकाचा मूळ करार गायब. मागचे सगळे मूळ करार हातात आल्याशिवाय आम्ही कर्ज देत नव्हतो, दिलं नाही. घरमालक म्हणाला, कर्ज मिळालं नाही हा तुमचा प्रश्न. ती मुलगी काही बोलली नाही, त्या पानाची घडी घालत बसली. तेव्हा आधी झेरॉक्स घ्या : मागचे सगळे करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा. ते बँकेला आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा. बिल्डरने सुचवलेला वकील नको. टोकन चेकने द्या, आणि कागदांतल्या त्रुटीमुळे कर्ज नाकारलं गेलं तर सगळी रक्कम परत, एवढं वाक्य पावतीवर लिहून घ्या. नवीन इमारत असेल तर महारेरावर नोंदणी क्रमांक घालून ताबा कधीचा लिहिलाय तेही बघा. तिथे करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायला कायद्याने बंदी आहे. मागितले तर तिथूनच उठा.

आणि टेप. हे मी का सांगते ते तुझ्या बाबाला विचार, तो अजून हसतो. 1991 साली आम्ही साडेसहाशे फुटांचे पैसे मोजले. ताबा मिळाल्यावर मी शिवणाच्या टेपने जमिनीवर रांगत मोजलं, भरलं 455. बाकीचं जिन्यात, पॅसेजमध्ये आणि बिल्डरच्या बोलण्यात. बेडरूम नऊ फुटी. त्यात साडेसहा फुटी पलंग आणि आईने दिलेलं लोखंडी कपाट, दोन फूट खोल. उरलं अर्धा फूट. तुझे काका दोन वर्षं पलंगावर उभं राहून कपाटातून शर्ट काढत होते. आता रेरामुळे करारात कार्पेट लिहावंच लागतं, पण त्यात आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत, म्हणून टेपला थोडं कमी भरलं तर लगेच वाद घालू नका. सँपल फ्लॅटमधला पलंग आधी मोजा. मी बघितलेल्या एका ठिकाणी तो साडेपाच फुटी होता आणि खोल्यांना दारंच नव्हती.

पाणी टेपने मोजता येत नाही, त्यासाठी मे महिन्यात सकाळी सात वाजता जा. गेटशी टँकर उभा असेल तर रोज किती येतात ते वॉचमनला विचार, सेल्समनला नको. आणि जुलैत पुन्हा जा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला हात लाव. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथलं विशेष विचार. तुमचा फ्लॅट नदीच्या अंगाला आहे. जुलै 2024मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंत. विकास आराखड्याच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमची इमारत त्यांच्या कुठल्या बाजूला आहे, ते वकिलाला नकाशावर पेनाने दाखवायला लाव.

या रविवारी तो फ्लॅट बघायला निघाल तेव्हा मला वाटेत घ्या. गुडघ्यांमुळे जिना हळू चढते, पण तेवढ्यात प्लंबिंगचे पाइप बघून होतात. शिवणाची टेप माझ्या पर्समध्येच असते. जावईबापूंना म्हणावं, पाच मीटरची लोखंडीही आणा. रांगायचं काम आता त्यांचं.

तुझी,
आत्या