पाचवे कारण

माझे काम ट्रक चालवण्याचे नव्हते, ट्रकच्या आधी जाण्याचे होते. अवजड माल निघण्यापूर्वी सगळा रस्ता पाहून यायचा: पुलाची रुंदी, विजेच्या तारांची उंची, वळणाचा घेर, चढ-उतार, रात्री गाडी उभी करायला पक्की जमीन. धंद्यात याला रूट सर्व्हे म्हणतात. आम्ही सरदारपूरचे. शिंदे सरकारच्या अमझेरा जिल्ह्याची कचेरी इथे होती, तिच्यात पणजोबा कारकून म्हणून आले आणि माही नदीच्या काठचे होऊन राहिले. घरात मराठी, बाजारात माळवी, ट्रकवाल्यांशी चालेल ती भाषा. गुजरातेतून येणारा मोठा माल दाहोद, झाबुआ करत माछलिया घाटातून आमच्या बाजूला येतो आणि पुढे इंदूरकडे जातो. इंदुराहून मुंबईकडे जायचे तर माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरावे लागते, आणि त्या उतारावर गणपती घाट आहे.

घाट आला की देव आलाच. क्लीनर उतरतो, नारळ फोडतो, खोबऱ्याचा तुकडा उस्तादच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, हातावर ठेवतो, बंपरला लटकलेले वाळके लिंबू बदलतो. काही शिकलेले लोक या नारळाची वकिली करतात. त्या निमित्ताने गाडी थांबते म्हणे, इंजिन निवते, ड्रायव्हरचे डोळे ताजे होतात, पूर्वजांचे शास्त्रच ते. मला ही वकिली पटत नाही. इंजिन निववायला नारळ लागत नाही, दहा मिनिटे उभे राहिले की झाले. आणि उस्तादला विचारा, तो इंजिनासाठी नारळ फोडतच नाही. तो देवासाठी फोडतो. म्हणून प्रश्नही देवाचाच विचारायला हवा. गाडी सुखरूप उतरली तर ती कोणी उतरवली? आणि उलटली तर कोणी उलटवली?

वडील चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचत. अठरावा अध्याय यायला बराच वेळ लागे, पण आला की मी जवळ बसे, कारण तिथे कर्माची पाच कारणे आहेत: कर्म जिथे घडते ते अधिष्ठान, करणारा, त्याची साधने, त्याच्या नाना हालचाली, आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असे टीकाकार सांगतात. मी धंद्याने बिघडलेला माणूस. मला तिथे रस्ताच दिसतो. पुढे भगवंत म्हणतात की इतके सगळे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

हे मला पोथीत कळले त्यापेक्षा माछलियात अधिक कळले. वीज केंद्रासाठी एक ट्रान्सफॉर्मर न्यायचा होता, दोनशे टनांच्या वरचा. असा माल साध्या ट्रेलरवर जात नाही. चाकांच्या रांगांवर रांगा असलेला हायड्रॉलिक ट्रेलर लागतो. रस्ता एका बाजूला कलला की त्या बाजूचे सिलिंडर वर उचलायचे, म्हणजे वरचा माल सपाट राहतो. त्यासाठी एक माणूस सतत लिव्हरपाशी. चढावर पुढे दोन पुलर जोडलेले, मागे एक ढकलणारा. उतारावर सगळे उलटे होते: पुढचा फक्त दिशा देतो आणि मागचा पुलर मागे ओढून माल धरून ठेवतो. चाकांच्या दोन्ही बाजूंनी पोरे लाकडी ठोकळे घेऊन चालतात, गाडी सरकलीच तर चाकाखाली घालायला. वेग माणसाच्या चालीइतका, कधी त्याहून कमी. वॉकीटॉकीवर एकच आवाज, बाकी सगळ्यांनी गप्प बसायचे. ही गाडी कोणी उतरवली असे त्या संध्याकाळी विचारले असते, तर पुढच्या उस्तादने मागच्याकडे बोट दाखवले असते आणि मागच्याने लिव्हरवाल्याकडे. ‘मी’ म्हणायला कोणाचीच जीभ वळली नसती.

त्या प्रवासात पाचवे कारणही भेटले. सकाळी घाटात असे धुके होते की ट्रेलरच्या एका टोकाहून दुसरे टोक दिसेना. रस्ता पाहिलेला, माणसे तयार, यंत्रे ठणठणीत, सर्व खुणा पाठ. तरी कोणी चाक हलवले नाही. उन्हे आली, धुके विरले आणि आम्ही निघालो. ज्ञानदेव हे पाचवे कारण म्हणजे इंद्रियांच्या मागे उभ्या असलेल्या देवता असे सांगतात; डोळ्याच्या मागे सूर्य. धुक्यात तासन् तास उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात काही गूढ वाटत नाही. आमच्या डोळ्यांना दिसायला लागले, आणि ते आमच्यापैकी कोणी केले नव्हते. उस्तादच्या नारळाला मी हसत नाही ते यासाठी. त्यात लाच नाही, आपल्या हाती सगळे नाही याची कबुली आहे.

मात्र हीच कबुली दुसऱ्याच्या तोंडी गेली की तिचा रंग बदलतो.

धारला लाट मशिदीपाशी एका लोखंडी खांबाचे तुकडे आहेत, सगळे मिळून सुमारे सात टनांचे. राजा भोजाचा म्हणून तो ओळखला जातो. जहांगीर बादशहा १६१७ मध्ये इकडून गेला तेव्हा त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले की गुजरातच्या बहादूरशहाला हा खांब आपल्या मुलखात न्यायचा होता. काढताना तो पडला आणि मोडला. अवजड माल हलवण्याच्या धंद्यातली आमच्या धार जिल्ह्यातली ही सर्वांत जुनी नोंद असावी, आणि तिची मांडणी आजही तशीच चालते. न्यायची इच्छा सुलतानाची. पडणे मात्र खांबाचे. दोर कोणी निवडले, घाई कोणाची होती, खाली कोण सापडले, याची नोंद नाही.

माझ्या ओळखीच्या एका मालकाची गाडी गणपती घाटात गेली. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि मग पाय फळीला टेकला तरी गाडी थांबत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचे, इंजिनालाच गाडी धरू द्यायची. पण त्यात वेळ जातो आणि डिझेल जळते असा समज आहे, म्हणून न्यूट्रल मारतात. त्यात माल पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावरच्या परवानगीपेक्षा, जास्त भरलेला असला तर घाट संपेपर्यंत काही उरत नाही. त्या गाडीत माल जास्त होता, आणि पोचायची वेळ मालकाने ठरवून दिली होती. ड्रायव्हर वाचला नाही. मालक भेटायला आला तेव्हा डोळ्यांत पाणी होते, खोटे नव्हते. म्हणाला, करणारे आपण कोण, आपण निमित्तमात्र.

गीतेत त्याच्या सोयीचा श्लोकही आहे, मी ते लपवत नाही. ज्याच्या ठायी ‘मी करतो’ हा भाव नाही, तो मारूनही मारत नाही, असे अठराव्या अध्यायात, एकट्या स्वतःला कर्ता समजणाऱ्याच्या पुढच्याच श्लोकात म्हटले आहे. भल्याभल्यांना तो अडचणीत टाकतो. माझ्या मते त्याची किल्ली त्याच अध्यायाच्या आरंभी आहे, जिथे फळाच्या त्यागाची चर्चा चालते. अकर्तेपण हे फळ सोडणाऱ्याचे आहे. ज्याने भाडे घेतले, जास्तीच्या टनांचे जास्तीचे भाडे घेतले, त्याने कर्तेपण आधीच पावती फाडून घेतलेले असते. नफ्याच्या वहीत ‘मी’ लिहायचे आणि अपघाताच्या दिवशी ‘तो’, हे कोणत्याही भाष्यात बसत नाही. आणि मालकाने चार कारणांची चौकशी न करता थेट पाचव्याचे नाव घेतले होते. शास्त्रात ते पाचवे आहे, पहिले नाही.

हा दोष एकट्या मालकांचा नाही. चौपदरी रस्ता झाल्यानंतरही गणपती घाटात गाड्या ब्रेक फेल होऊन दुभाजक ओलांडत राहिल्या, समोरून चढणाऱ्यांवर आदळत राहिल्या. लोक म्हणू लागले की घाटाला बाधा आहे. शेवटी उतार सौम्य करून उतरणाऱ्या गाड्यांसाठी सुमारे नऊ किलोमीटरचा वेगळा रस्ता काढला, आणि २०२४ च्या अखेरीस तो सुरू झाला. गणपती तोच, ड्रायव्हर तेच, लिंबू-मिरची तीच. बदलले फक्त अधिष्ठान. म्हणजे ते बदलता येण्याजोगे होते, आणि आधीही बदलता आले असते.

तेव्हा वाचकहो, यापुढे घाटातल्या अपघाताच्या बातमीवर ‘काळाचा घाला’ असा मथळा दिसला, तर आधी विचारा: पासिंग किती टनांचे होते आणि भरले किती, ड्रायव्हर किती तास झोपला होता, वेळ कोणी ठरवली होती, उतार कोणी आखला होता. ही उत्तरे हातात आल्यावर पाचव्याला खुशाल हात जोडा.