शमुवेलाचा आवाज कोणाचा?

शास्त्रपाठ : १ शमुवेल २८:३-२५



तंजावर म्हटले की मराठी मनाला सरफोजीराजे व सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच तंजावरच्या मतदारांनी १९६२ साली मु. करुणानिधी यांना विधानसभेवर पाठविले होते. पुढे ते पाच वेळा मुख्यमंत्री झाले आणि ७ ऑगस्ट २०१८ रोजी निवर्तले. तथापि जानेवारी २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक तोंडावर आली असता, ते पडद्यावर पुन्हा बोलू लागले! टी. आर. बालू या जुन्या सहकाऱ्याच्या आत्मचरित्राचे त्यांनी कौतुक केले, आणि आपले पुत्र स्टॅलिन यांच्या नेतृत्वाचेही. काळा चष्मा, पिवळी शाल, ओळखीचा घोगरा आवाज, सारे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेले. पुढच्याच महिन्यात प्रतिपक्षाने २०१६ साली दिवंगत झालेल्या जयललिता यांचा आवाज ऐकविला. यात चोरी नव्हती; हे यंत्राचे काम आहे हे उघड होते. मग बिघडले काय?

आपल्या शास्त्रपाठातील शौल राजाही मृताचा सल्ला घ्यावयास निघाला. ज्या भूतविद्येला त्याने स्वतः देशातून हद्दपार केले, तिच्याच दारी तो रात्री वेष पालटून एन-दोरास गेला. या स्त्रीच्या विद्येसाठी प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी जो शब्द योजिला त्याचा अर्थ ‘पोटातून बोलणारा’ असा आहे. आपण त्याला शब्दभ्रमकार म्हणू. त्या भाषांतरकारांना या धंद्याची चांगलीच पारख होती, असे मला वाटते. ओठ बाहुलीचे, शब्द दुसऱ्याचे.

परंतु शमुवेल दिसताच ती स्त्री स्वतःच किंचाळली, हे लक्षात घ्या. आलेला शमुवेल तिच्या हातची बाहुली नव्हता. त्याने राजाला हवे ते सांगितले नाही; राज्य तुझ्या हातून गेले आहे, हेच पुन्हा सांगितले. पडद्यावरचे मृत पुढारी मात्र कधी असे बोलत नाहीत. करुणानिधी जिवंत असते तर पुत्राची कानउघाडणीही करू शकले असते. यंत्रातले करुणानिधी घडविणाऱ्याच्या इच्छेबाहेर एक अक्षर उच्चारू शकत नाहीत, आणि उद्या त्यांना कोणी जाबही विचारू शकत नाही.

लोकशाहीचा कारभार जाब विचारण्यावर उभा आहे. तंजावर ही ज्या चोळांची राजधानी, त्यांच्या राज्यातील उत्तिरमेरूर गावी इ. स. ९२० च्या सुमाराचा शिलालेख आहे. ग्रामसभेचे सभासद निवडताना ताडपत्रावर नावे लिहून घटात टाकीत. वयोवृद्ध पुजारी तो घट सर्वांना दिसेल असा उचलून धरी, आत काय आहे हे ठाऊक नसलेले लहान मूल एक पत्र काढी, आणि ते पाचही बोटे पसरलेल्या तळहातावर घेतले जाई. ज्याने मागचा हिशेब दिला नाही त्याचे नाव घटात पडतच नसे. स्त्रियांना व भूमिहीनांना त्यात स्थान नव्हते, हेही खरे. पण सर्व काही लोकांच्या डोळ्यांदेखत होई.

आज मात्र घट कोणी उचलला हेच कळत नाही. खोटी चित्रफीत लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत पक्षांनी काढून टाकावी, असा आदेश निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी दिला. तमिळनाडूचे मतदान १९ एप्रिललाच आटोपले होते. याहून सूक्ष्म हानी दुसरीच आहे. खोटा आवाज घडविता येतो हे सर्वांना कळले, की खरा आवाज पकडला गेलेला लबाडही ‘तो मी नव्हेच’ म्हणून सुटतो. दोघा-तिघा साक्षीदारांच्या मुखाने गोष्ट शाबीत व्हावी, असे नियमशास्त्र सांगते. साक्षीदार म्हणजे ज्याला उलट प्रश्न विचारता येतो असा मनुष्य.

सरफोजीराजांचे पालक मिशनरी श्वार्ट्झ यांना मद्रास सरकारने १७७९ साली हैदरअलीकडे पाठविले. हैदरचा इंग्रजांच्या शब्दावर विश्वास नव्हता, श्वार्ट्झवर होता, असे सांगतात. शिष्टाई फसली आणि पुढल्याच वर्षी युद्ध पेटले. तरी त्या शब्दामागे एक मनुष्य उभा होता.

तेव्हा मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एखाद्या पुढाऱ्याचा, किंवा एखाद्या पाळकाचाही, आवाज आला तर पुढे पाठविण्याआधी विचारा : हे कोण बोलत आहे? उद्या याचे उत्तर कोण देईल? कोणी नाव सांगत नसेल तर तो तेथेच थांबवा, मग तो आपल्या आवडत्या पक्षाचा का असेना. नववी आज्ञा पक्ष पाहत नाही.

शौलाने ऐकले आणि तो जमिनीवर पालथा पडला. त्या स्त्रीने घरचे पुष्ट वासरू कापले, बेखमीर भाकरी भाजल्या. तो जेवला, आणि त्याच रात्री निघून गेला.