थांबावे कोणी?

केलगेरीच्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरावयास येणाऱ्या आम्हा वृद्धांच्या गप्पा हटकून एका तक्रारीवर येतात: खेड्यांत डॉक्टर टिकत नाहीत. तक्रार खरी आहे. पण ती करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे मुलगे-सुना इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टरी करतात आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. थांबावे ते दुसऱ्याच्या मुलाने!

आपले पूर्वज तरी धारवाडास कशाला आले? चाकरीच्या वाटेनेच. तेव्हा जाण्याचा हक्क आपण कोणास नाकारावा, हे मला समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेनेही तो नाकारलेला नाही. जेथे आरोग्यसेवकांची तीव्र टंचाई आहे अशा गरीब देशांतून त्यांना ओढून नेऊ नये, एवढेच तिने श्रीमंत राष्ट्रांना विनविले. विनविलेच; कारण ती बंधनकारक नाही.

सक्तीचा मार्ग आपल्या राज्याने २०१२ च्या कायद्याने धरला: वैद्यकीय पदवीधरांनी एक वर्ष सरकारी सेवा करावी. पुढे २०२३ मध्ये ती सक्ती रिक्त जागांपुरती उरली. सक्तीने माणूस वर्षभर खुर्चीवर बसतो. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने काही परतफेड करावी, हे मला मान्य आहे. मात्र औषधाचे कपाट रिकामे आणि राहण्यास धड घर नाही अशा ठिकाणी त्याला धाडणाऱ्या सरकारचेही त्याच्याकडे काही देणे लागते.

अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत निराळी वाट काढली. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यावयास शिकविले. त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. या स्त्रियांना टिकवून धरण्याचा प्रश्नच नव्हता. त्या तेथल्याच होत्या.

पण येथेच मन अडखळते. २००५ पासून देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ही गावच्याच. त्या थांबतात, ते सेवाभावाने की दुसरीकडे जाण्याची सोयच नाही म्हणून? दुसरे खरे असेल तर आपण तिच्या नाइलाजावर आपले आरोग्य उभारले आहे, आणि त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ असे गोड नाव दिले आहे. परदेशी गेलेल्या डॉक्टरास आपण कृतघ्न म्हणतो. थांबलेल्या बाईचे काय देणे आहे, हे मोजावयास आपण बसत नाही.

२०२५ च्या जानेवारीत राज्यातील आशा त्याच मानधनासाठी बेंगळूरच्या फ्रीडम पार्कात थंडीत बसून होत्या. त्या आठवड्यातही तळ्याकाठी आम्ही डॉक्टरांविषयीच बोलत होतो.