दोन्ही गोष्टी खऱ्या



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेल्या एका भगिनीला भेटायला मी गेलो होतो. बोलता बोलता मी म्हणालो, "या आजाराने तुम्हांला किती खंबीर केले!" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, खंबीर झाले हे खरं. पण वर्षभर मी आरशासमोर उभी राहिले नाही, हेही खरं." मी निरुत्तर झालो.

दुःखातून काही चांगले निपजते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. टेडेस्की व कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजण्यासाठी १९९६ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतील जवळीक, नव्या वाटा, स्वतःचे बळ, आध्यात्मिक बदल आणि जीवनाचे मोल ही तिची पाच अंगे. या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रिया असे बदल अनुभवतात. परंतु त्यांच्यापैकीच कित्येकींना आजार उलटण्याची भीती असते, शरीराविषयी संकोच वाटतो, तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. एक आले म्हणून दुसरे जात नाही.

मग चुकते कोठे? अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा एक स्तन १९७८ साली काढावा लागला. त्यानंतर त्या कृत्रिम स्तन न लावता डॉक्टरांकडे गेल्या. तेथील परिचारिकेने त्यांना तो लावून येण्यास सांगितले, कारण त्यांच्या तसे येण्याने दवाखान्यातल्या इतरांचा धीर खचेल असे तिला वाटले. लॉर्ड यांनी हा प्रसंग १९८० साली आपल्या पुस्तकात नोंदवला. दुःख रुग्णाचे, पण ते झाकायचे मात्र इतरांच्या सोयीसाठी!

आपणही नकळत तेच करतो. "तू धीराची आहेस" असे म्हटले की रडायला जागा उरत नाही. वेदनेतून काय मिळाले हे सांगण्याचा अधिकार जिने ती सोसली तिचाच आहे. आपण ते सांगू लागलो, तर तिच्या नुकसानीचा हिशेब आपणच परस्पर मिटवून टाकतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. स्पष्टीकरणे देऊ लागले आणि बिघडले.

परवा मी त्या भगिनीकडे पुन्हा गेलो. या खेपेस फक्त विचारले, "कशा आहात?" आणि उत्तराची वाट पाहिली. चहा निवून गेला, पण त्या पुष्कळ बोलल्या.

तुमचा धर्मगुरू