डिस्क सगळ्यांना उघडी टाकू नकोस

कुरुंदा, ता. वसमत

चि. मनूस,

तुझा फोन आला तेव्हा हळदीचा कुकर चालू होता, त्या गडबडीत धड बोलता आलं नाही. म्हणून सवडीनं लिहितोय. यंदा कंद चांगले भरलेत. आजीचा गुडघा बरा आहे, जेवताना रोज तुझं नाव काढते.

विभागातल्या उबुंटूच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क लावली की ती आपोआप उघडते, पण मैत्रिणींनी आपापल्या नावानं लॉगिन केलं की त्यांना आत जाता येत नाही. मग ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन टाकू का, असं तू विचारलंस. नको गं बाळा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत त्यात. घरातली माणसं बाहेर गेल्यावर, दबक्या आवाजात त्या तुझ्याजवळ बोलल्या. आल्यागेल्या कुणीही ते ऐकावं का?

शिवाय त्यानं तुझं काम होणारही नाही. उबुंटू आपोआप लागलेली डिस्क 'मीडिया'मधल्या तुझ्या नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि त्या फोल्डरात फक्त तुलाच शिरू देतो. बाहेरचं दार बंद असताना आतल्या खोल्या उघडून काय उपयोग? डिस्क एक्सफॅटची असेल तर फाइल कुणाची ही नोंदच तिच्यावर राहत नाही. परवानग्या माउंट करतानाच ठरतात. ईएक्सटी४ असेल तर मालक आकड्यानं लिहिलेला असतो. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याला १००० मिळतो, म्हणून तुझ्या लॅपटॉपवरची तुझी फाइल तिकडे भलत्याच्याच नावावर दिसते.

तर तुम्हा तिघींचा एक गट कर. डिस्कचा यूयूआयडी बघून एफएसटॅबमध्ये तिला कायमची जागा दे. एक्सफॅट असेल तर त्या ओळीत गटाचा जीआयडी आणि यूमास्क ००७ लिही; मालक आणि गट सोडून बाकी कुणाला काही मिळत नाही. 'नोफेल' जरूर घाल, नाहीतर डिस्क लावलेली नसली की मशीन सुरू होतानाच अडून बसेल. 'नोसुइड' आणि 'नोडेव्ह'सुद्धा. डिस्क आपोआप लागते तेव्हा ते आपसूक असतात, हातानं ओळ लिहिताना मात्र आपल्यालाच घालावे लागतात. गटात नाव घातल्यावर प्रत्येकीनं एकदा लॉगआउट करून परत यायचं. एवढं राहिलं तरी 'परवानगी नाही' असंच येत राहतं, आणि मग वैतागून माणूस पुन्हा ७७७ कडे वळतो.

लहानपणी टोकाईच्या दर्शनाला गेलो की सगळ्यांच्या पिशव्या तू मांडीवर घेऊन बसायचीस, मामीलासुद्धा विचारल्याशिवाय हात लावू द्यायची नाहीस. तेच ध्यानात ठेवून पुढचं सांगतो, कारण खरी काळजी मला त्याचीच आहे. या परवानग्या त्या एका मशीनपुरत्या. बसमध्ये पिशवी राहिली आणि डिस्क दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लागली, तर त्या बायकांचा शब्दन् शब्द त्याच्यासमोर उघडा. तेव्हा लक्स एन्क्रिप्शन बसवून डिस्क कुलूपबंद कर. बसवताना ती कोरी होते, आधी मुलाखतींची दुसरी प्रत काढून ती पडताळून बघ. नंतर आत ईएक्सटी४ कर, फोल्डर गटाच्या नावावर करून त्याला २७७० दे, म्हणजे नव्या फाइलीही गटाच्याच राहतील.

पासवर्ड लांब ठेव. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नकोस, मलाही नको. कागदावर लिहून बंद पाकिटात तुझ्या मार्गदर्शक बाईंकडे दे, आणि झालं की रविवारी फोन कर.

तुझा मामा