बुडू दे एकदाची!

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) न्हाणीघरातल्या खुनापेक्षा त्यानंतरचा प्रसंग मला अधिक अस्वस्थ करतो. नॉर्मन बेट्स रक्त धुऊन काढतो, मेरियनचे प्रेत तिच्याच मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. तिने चोरलेल्या ४०,००० डॉलरांतले उरलेले पैसेही वर्तमानपत्रात गुंडाळलेले तसेच आत जातात; त्याला त्यांचा पत्ताही नसतो. मोटार बुडता बुडता मध्येच थांबते. नॉर्मन काहीतरी चघळत, भेदरून इकडेतिकडे पाहतो. आपलाही श्वास अडकतो. बुडू दे एकदाची, असे मनात येते!

हे कोणाच्या मनात येते? घटकेपूर्वी त्या मुलीसाठी हळहळणाऱ्या आपल्याच. आईचा गुन्हा झाकणारा मुलगा, अशी आपली तोवरची समजूत असते हे खरे. पण तेवढ्याने आपली सुटका होत नाही. मेरियनची बाजू घ्यायला त्या काठावर कोणीच नसते. समोर असतो तो घाबरलेला तरुण. शाळेत चोरीची चौकशी करताना हेच दिसते. रडणारा मुलगा पुढ्यात उभा असतो. ज्याची फी गेली, तो वर्गात मुकाट बसलेला असतो.